पाव आटा मागे

१ नोव्हेंबर, शनिवार

रंगनाथमामांची गाडी आली. सुप्याच्या वळणावर आधी काळा धूर दिसला, मग गाडी. एवढ्या वर्षांत तिला रिकामी असताना धापा टाकताना पाहिलं नव्हतं.

जुनी, मिलिटरीच्या लिलावातली मालाची गाडी. इंजिनाच्या उजव्या अंगाला पट्ट्यावर फिरणारा ब्लोअर आहे. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो, म्हणून भरल्या मालासकट ती कुठलाही चढ चढायची. मी शाळेत असताना दादांनीच, माझ्या वडिलांनी, तो पहिल्यांदा उघडून बसवला होता. आत दोन पाती एकमेकींना न शिवता फिरतात. मी तासभर हाताने फिरवत बसले होते, ते आठवतं.

मामा म्हणाले, "ताई, हिला दम लागतुया. दसऱ्यापसनं. खर्ड्याचा चढ तिसऱ्यात जायची, आता दुसऱ्यातबी रडती."

त्यांच्या मुलाने, सचिनने, भंगारवाल्याला महिनाअखेरीचा शब्द दिलाय. तोवर पेंडीची पोती भरून गाडी तो चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढली तर राहील, नाहीतर गॅसकटरखाली.

"चढेल," मी म्हणाले.

कशाच्या जोरावर म्हणाले? बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतं. कारखान्यात पंप तपासताना मी असा शब्द कुणाला देत नाही. इथे दादांच्या गॅरेजात आलं की माझ्यातलं काहीतरी सैल होतं.

२ नोव्हें., रविवार

पट्टा सैल वाटला. वाटला. मोजला नाही. ताणला. फरक शून्य. उलट ब्लोअरच्या बेअरिंगमधून बारीक कण्हणं ऐकू यायला लागलं. दुपारी पुन्हा होता तसा केला.

दादा खाटेवरून बघत होते. त्यांना आता माणसांचं बोलणं ऐकू येत नाही. कानाचं मशीन वापरत नाहीत, कानात सुतार बसल्यासारखं होतं म्हणतात. इंजिनाचं मात्र ऐकतात. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ कानामागच्या हाडावर, आणि डोळे मिटायचे. आज मिटलेले डोळे बराच वेळ उघडले नाहीत. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "आतली पाती शाबूत हायती. हवा वाटंत कुटंतरी सांडतीया."

हवा सांडते. पाण्यासारखी. हे डोक्यात घेऊन घरी आले.

५ नोव्हें., बुधवार

दुसरी पाळी. टेस्ट बेडवर सलग पाच पंप चालवून तपासले, सगळे पास. यंत्रांच्या आवाजात उभ्या उभ्या डोळा लागतो तसं झालं. खिडकीबाहेर उन्हात धुळीचा एक खांब फिरत चालला होता, एकटाच, शेडच्या कडेकडेने. वाटलं, हवा एवढी दिसली तरी पुरे. कुठून जाते ते तरी कळेल.

पाटलीणबाई म्हणतात तसं मला यंत्रांची स्वप्नं पडतात हे खरं आहे. त्या शेजारच्या टेस्ट बेडवर असतात. आज हसून म्हणाल्या, "मालतीबाई, माणसांची पण पडू द्या कधीतरी."

९ नोव्हें., रविवार

सापडलं!

साबणाचा दाट फेस केला. ब्लोअरपासून इंजिनापर्यंतच्या प्रत्येक जोडाला ब्रशने लावला. मामा अ‍ॅक्सिलरेटरवर. तिसऱ्या जोडाला, कोपऱ्यातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या वाकड्या पाइपाखाली, फुगे यायला लागले. आधी मोहरीएवढे, मग द्राक्षाएवढे, उन्हात जांभळे-हिरवे. फुटायचे, नवे यायचे. दादाही उठून आले. आम्ही दोघं नुसते बघत उभे. मामा आतून ओरडले, "आता सोडू का पाय? का फोटू काढताय?"

पाइप काढला. मधलं पॅकिंग दुमडलेलं, त्यावर चंदेरी रंगाचा थर.

"मामा, हा कोणी काढला होता?"

मामा खाली बघायला लागले. "खंडेनवमीला. हळद-कुंकू लावायचं तर चकचकीत नगं का? काढून ब्रासोनं घासला. रंगबी मारला आतून."

"आतून कशाला?"

"देव बाहेरूनच बघतो व्हय?"

मी दुमडलेलं पॅकिंग खरवडून काढलं.

नवं पॅकिंग कापलं, बसवलं. हवेच्या दाबाचं गेज: आधी साडेतीन पौंड, आता सात. फेस लावला, एक फुगा नाही. मामांना आणि मला भावजयीने जेवायला बोलावलं. दादा म्हणाले, "तुमी व्हा पुडं, मी जरा बघतो." आम्ही परत आलो तेव्हा ते बॉनेट लावून हात पुसत होते.

१२ नोव्हें., बुधवार

मामांचा फोन, दु. १२ ला. वारा आणि हसणं, दोन्ही एकदम. "ताईऽऽ! तिसऱ्यात! भरल्या पोत्यासकट! सचिन तोंड वासून बघत हुता!"

सचिनने भंगारवाल्याला नाही म्हणून सांगितलं. मोटरसायकलवर मागे बसून काढलेला व्हिडिओही पाठवला. डबा उघडाच राहिला. पाच-सहा वेळा पाहिला. डोंगर पिवळा पडलेला, गाडी मुंगीसारखी पण न थांबता वर जातेय. संध्याकाळी गॅरेजात जाऊन दादांना दाखवला. त्यांनी फोन छातीशी धरला, जणू आवाज तिथून कळेल. नुसते हसले.

आज फार बरं वाटतंय. लिहून ठेवते, कारण हे टिकत नाही.

१४ नोव्हें., शुक्रवार

टिकलं नाही.

व्हिडिओ पुन्हा पाहत होते. निव्वळ सुखासाठी. शेवटच्या वळणावर गाडीमागे डोंगराची सावली पडते, तिथे वाटतं की सावली हलते. सावली नाही. धूर. काळा.

पूर्ण हवा मिळाली तर धूर निवळायला हवा. सात पौंड हवा आहे. मग काळा धूर एकाच गोष्टीने येतो. डिझेल जास्त जातंय.

एक नवं पॅकिंग बसवलं, दुसरं काही केलं नाही. निदान मी तरी.

निदान मी तरी. हे वाक्य लिहिल्यावर कपभर चहा गार होईपर्यंत पुढे काही लिहिता आलं नाही.

१६ नोव्हें., रविवार

मामा पेढे घेऊन आले. बॉनेट उघडलं. डिझेल पंपावर एक स्क्रू असतो. किती डिझेल जाऊ द्यायचं ते तो ठरवतो. त्याला तार ओवून शिशाचं सील असतं. तार कापलेली. टोक चकाकत होतं, ताजं.

मामा दादांना पेढा भरवत होते. "मिस्त्री, तुमची लेक म्हंजी तुमच्या वरताण!" दादांनी ऐकलं नाही, पण मान डोलावली.

मामा गेल्यावर दादांच्या जुन्या गाडीच्या काचेवरच्या धुळीत बोटाने लिहिलं: *पंपाचा स्क्रू?*

त्यांनी वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

"पाव आटा," म्हणाले. स्क्रूचा पाव फेरा. "जास्त न्हाई."

*का?*

"तू चढंल म्हनली हुतीस. माज्यादेखत म्हनली, व्हटावरनं कळलं मला. तुजा शब्द पडला असता तर?" मग थोड्या वेळाने, "मालू, माज्या हाताला अजून कळतं गं. पाव म्हंजी पावच."

मी धूळ पुसून टाकली.

१७ नोव्हें., सोमवार

दोन गोष्टी एकदम बदलल्या. आता कोणी सांगू शकत नाही, गाडी माझ्या पॅकिंगने चढली की दादांच्या पाव आट्याने. कारखान्यात असा रिपोर्ट आला असता तर मी फाडला असता.

जास्तीच्या डिझेलने आत उष्णता वाढते. थंडीत सोसेल. चैत्रात, दुपारी, भरल्या गाडीत, पिस्टनच्या माथ्याला भोक पडेल. तेव्हा मामा म्हणतील, म्हातारी झाली, चालायचंच. कोणाला कळणार नाही. मामा आज सुखात आहेत, सचिन गप्प आहे, दादा हसलेत.

सांगितलं आणि स्क्रू मागे घेतल्यावर गाडी चढली नाही, तर महिनाअखेरीस तिचे तुकडे. माझ्या सांगण्याने.

न सांगण्याला दया म्हणावं का? की मला फक्त पेढ्याची गोडी जायला नकोय?

१८ नोव्हें., मंगळवार

पहाटे स्वप्नात फुगे. हिरवे-जांभळे, हळूहळू वर. प्रत्येकात खर्ड्याचा चढ उलटा दिसत होता.

१९ नोव्हें., बुधवार

मामांना फोन करून सगळं सांगितलं. दादांचं नाव लावलं नाही, "आमच्याकडून" म्हणाले. त्यांच्या मागे शेळ्या ओरडत होत्या.

मग म्हणाले, "मिस्त्रीनं फिरावला व्हय?"

"आमच्याकडून," मी पुन्हा म्हणाले.

"ताई, तुमी सांगितलं नसतं तर मी हसतच फिरलो असतो की वं."

"माहीत आहे मामा."

"सचिन म्हनंल, बघा, गाडी न्हाई चढली, डिझेल चढलं." पुन्हा शेळ्या. "चैतात मरनार असंल तर आजच कळू द्या. घ्या मागं. पर चढायच्या दिवशी तुमी माज्या शेजारी बसायचं. एकट्यानं न्हाई जमायचं मला."

२३ नोव्हें., रविवार

सकाळी दादांना पाना दिला आणि स्क्रूकडे बोट केलं. त्यांनीच फिरवावा असं वाटत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही. जमिनीवर काहीतरी पडलं असावं आणि ते शोधत असावेत, तसं. मग वाकले आणि पाव आटा मागे घेतला. एकदाच, न थांबता. मी जुन्या खुणेशी ताडून पाहिलं. केसभरही इकडेतिकडे नाही.

मग दुसरं काम. ब्लोअर आजवर रेडिएटरमागची, इंजिनाने तापलेली हवा ओढत होता. गरम हवा पातळ असते, थंड जड. एका घोटात जास्त मावते. पत्र्याचा नळ करून त्याचं तोंड केबिनबाहेर, वाऱ्याकडे काढलं. दादांनी पत्रा वाकवला, मी रिव्हेट मारले. मध्येच मावळतीचं ऊन नळाच्या तोंडात शिरलं आणि आत लांबवर सोनेरी झालं, तेव्हा दोघांनी एकदम वाकून पाहिलं.

पुन्हा दोन बदल एकदम, हे कळतंय. पण या वेळी दोन्ही कागदावर आहेत, आणि कागद मामांच्या खिशात.

सील नवं लावलं.

२६ नोव्हें., बुधवार

रजा. नगरहून पेंडीची पोती भरून सातला निघालो. मामांचा बेत होता पहाटेच जाऊन उजाडायच्या आत चढ उरकायचा. मी नको म्हणाले. पहाटेच्या गार हवेत चढली तर ती हवा चढली. दुपारी चढायला हवी.

"तुमी मास्तरीन व्हायला पायजे हुतं," मामा म्हणाले. "पोरं पळून गेली असती."

रस्ताभर ब्लोअर एकसारखा गुणगुणत होता. आष्टीच्या पुढे माळ सुरू झाले, दोन्हीकडे कापलेल्या बाजरीची खुंटं, ऊन पांढरं, आणि मला मधूनमधून असं वाटत होतं की आपण हलत नाही, जमीनच सावकाश मागे सरकतेय. मामा एकदा स्टिअरिंगवर थाप मारून हळूच म्हणाले, "चल बाई." मला नाही, तिला.

जामखेडला जेवलो. मामांनी अर्धी भाकरी टाकली.

आता चढाच्या पायथ्याशी, दु. १:१०. बाभळीखाली गाडी उभी, इंजिन चालू. मामा उतरून टायरना हात लावून येतायत. सचिन मोटरसायकलवर पुढे जाऊन पहिल्या वळणावर थांबलाय, या वेळी फोन न काढता, हातांची घडी घालून. खिडकीबाहेर हात धरला, हवा चांगलीच तापलेली. गेज सात. दादांनी सकाळी निघताना विचारलं होतं, "चढंल?" मी धुळीत लिहिलं, *माहीत नाही.* त्यांनी ते वाचलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. असं त्यांनी कधी केल्याचं आठवत नाही.

मामा आले. दार ओढून घेतलं. कपाळाचा घाम पुसला.

"ताई, वही ठिवा आता. दोन्ही हातांनी धरा."