हिचा गुडघा आणि घराची पाहणी

सोमवार, ३

तळमजल्याचं घर मिळतंय! मालक भला माणूस. म्हणाला, वीस तारखेपर्यंत तुमच्यासाठी थांबतो, पुढे दुसरं गिऱ्हाईक आहे. बँक कर्ज देईल, पण आधी या राहत्या घराची किंमत ठरवणार. म्हणजे त्यांचा पाहणीवाला येऊन मापं घेणार, अहवाल देणार, मग पुढचं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, अहवालाला कधी आठ दिवस लागतात, कधी महिना. तुम्ही तयारी चोख ठेवलीत तर लवकर होईल.

तयारीला मी मागे हटणारा नाही. गावच्या शाळेत मास्तर सांगायचे, सांगितलं तेवढं करतो तो हमाल, वर थोडं करतो तो माणूस.

हिला जिना होत नाही. अठ्ठावन्न पायऱ्या. विसाव्या पायरीवर थांबते, चाळिसावीवर पुन्हा थांबते. "थांबा हो, गुडघा." मग मीही कठड्याला टेकतो आणि तेवढ्यात नाम घेतो. गंमत म्हणजे गेल्या वर्षी डॉक्टरांनी जिने कमी करा म्हणून सांगितलं ते मला! मी हसण्यावारी नेलं. धडधाकट माणसानं स्वतःपायी घर बदलायचं? महिन्याभरात हिचाच गुडघा सुरू झाला. मग मात्र माझा धीर सुटला.

रोज सकाळी देवाला तेवढंच मागतो — हिचा गुडघा.

मंगळवार, ४

बाईंनी दिलेला कागद चार वेळा वाचला. खरेदीखत, मंजूर नकाशा, कराची पावती — हाताशी ठेवा. सर्व खोल्या उघड्या ठेवा. कोपरे मोकळे ठेवा, म्हणजे माप नीट घेता येतं.

कागद तीन पिशव्यांत लावले. ही म्हणाली, "मुलगी बघायला येणार असल्यासारखं चाललंय तुमचं."

गुरुवार, ६

कोपरे मोकळे करायला घेतले. कपाट ओढलं तर मागे लेकीची हरवलेली पट्टी सापडली, शाळेतली. तिला मूल झालं, पट्टी आत्ता सापडली.

कपाट खोलीच्या मध्यात ठेवलं तर माप कसं घेणार? म्हणून शेजारच्या शिंप्याकडे नेलं. मग वाटलं, पलंगही न्यावा. मग टेबल. मग भांडी, कारण ओट्यालाही दोन कोपरे आहेतच. ही म्हणत होती, पुरे आता. माझ्या डोक्यात मास्तर.

शेवटी देवांच्या तसबिरीही गेल्या. भिंत स्वच्छ दिसावी म्हणून. हात जोडून माफी मागितली — दोन दिवस पाहुणचार घ्या.

शिंपी म्हणाला, "दादा, आता तुमचं सामान आमच्या घरात राहतं आणि आम्ही जिन्यात."

शुक्रवार, ७

पाहणीवाला आला. तरुण, चटपटीत. हातात लाल ठिपका सोडणारं यंत्र — भिंतीवर ठिपका पडला की माप तयार. वीस मिनिटांत आटोपलं. पाणी विचारलं तर ग्लास नव्हता, शिंप्याकडून आणला. जाताना म्हणाला, एवढी सोपी पाहणी आयुष्यात केली नाही.

मी मनातल्या मनात मास्तरांच्या पाया पडलो, आणि अहवाल येईपर्यंत सामान शिंप्याकडेच राहू दिलं.

मंगळवार, ११

घोटाळा.

बँकेत बोलावलं. अहवाल अडकलाय. त्यात लिहिलंय — घर रिकामं, वास्तव्य आढळलं नाही. राहत्या घराचं कर्ज, आणि घरात कुणी राहतच नाही! बाईंनी विचारलं, "काका, मग तुम्ही राहता कुठे?"

"त्याच घरात."

"आणि सामान?"

"शेजारी."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पदरात तोंड लपवून हसल्या. मीही हसलो. दुसऱ्या पाहणीची तारीख चोवीस मिळतेय. तळमजल्याचा मालक थांबणार वीसपर्यंत.

घरी सांगितलं. ही हातातलं काम टाकून खिडकीशी जाऊन उभी राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "हे घर हातचं जाऊ द्यायचं नाही."

बुधवार, १२

पाहणीवाल्याला गाठलं, खरं ते सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतंच, मूर्खपणा तर उघडा होता. तो खूप वेळ हसला. म्हणाला, शुक्रवारी सकाळी सातला कामावर जाता जाता डोकावतो. मात्र घर घरासारखं दिसू द्या.

सामान परत. देव आधी.

शुक्रवार, १४

हिची सक्त ताकीद — या वेळी तुम्ही काही करायचं नाही, खुर्चीत बसायचं. बसलो. दोरीवर कपडे, ओट्यावर दूध, टेबलावर माझा चष्मा. पाहणीवाला खुशीत.

त्याला गच्चीही बघायची होती. किल्ली खाली रखवालदाराकडे. मी उठलो तर ही म्हणाली, "बसा तुम्ही," आणि गेली. त्याचं स्वयंपाकघराचं माप होतंय तोवर किल्ली घेऊन दारात हजर.

त्यानं कागद चाळला. "काकू खाली जाऊन आल्या? मग इमारतीला लिफ्ट आहे की! मागच्या वेळी लिहायची राहिली वाटतं."

लिफ्ट नाही, म्हटलं.

मी हिच्याकडे पाहिलं. ही दुधाकडे पाहत होती. दूध थंडच होतं.

रविवार, १६

विचारावं का? विचारलं नाही. नामात लक्ष लागेना.

मंगळवार, १८

अहवाल आला! कर्ज मंजूर, तळमजल्याच्या मालकाला कळवलं. शिंप्यानं वहिनींचं अभिनंदन केलं, माझं नाही.

बुधवार, १९

बाजारातून येताना विसाव्या पायरीवर ही थांबली. "थांबा हो, गुडघा."

मी धापा टाकत विचारलं, "कुठला?"

"तुम्हाला दम लागला की दुखतो तो."

मग पिशवी माझ्या हातून घेऊन म्हणाली, "तुमच्यासाठी घर बदलू म्हटलं असतं तर हलला असतात?"

वर्षभर रोज सकाळी देवाला साकडं घातलं. ठणठणीत गुडघ्यासाठी! तो बिचारा ऐकून घेत राहिला, हिचं गुपित काही फोडलं नाही.

आज पहिल्यांदा मी स्वतःसाठी पायरीवर बसलो. ही शेजारी बसली.