आपटता न आलेलं दार

प्रिय रेवती,

सगळं बदललं ते सतरा नोव्हेंबरला, दुपारी सव्वातीन वाजता. नोएडातल्या आमच्या डबिंग स्टुडिओचं दार मला आपटता आलं नाही, तेव्हा. हसू नकोस यार. त्या दाराला आतून जाड गादी आहे आणि वर लोखंडी दांडा, कितीही जोर लावला तरी ते आपल्या चालीनंच मिटतं. कॉलेजचं दार मी कसं आपटलं होतं ते तुला ठाऊकच आहे. तिसऱ्या वर्षाच्या मधोमध, सरांच्या तोंडावर, काचेसकट. इथं मात्र मी रागानं लाल होऊन ते हळूहळू मिटताना बघत उभा. आणि उरलेल्या फटीतून आतलं हसू ऐकू आलं. आमच्या दिग्दर्शिका वैजयंती मॅडम हसत होत्या, आणि माझ्यावर नाही, मी लिहिलेल्या वाक्यावर.

भांडण कार्मेलोवरून झालं होतं. कार्मेलो म्हणजे आम्ही मराठीत आणलेल्या इटालियन मालिकेचा नायक. दक्षिणेतल्या गरम गावातला, गरम डोक्याचा वाहतूक हवालदार. भर चौकात साहेबालाच झापतो म्हणून त्याची बदली होते थेट उत्तरेला, बर्फातल्या डोंगरी गावात. तिथली माणसं दिवसाला चार शब्द बोलतात. हा संशयितालाही आधी जेवायला बसवतो आणि मग बेड्या घालतो, त्याही चुकीच्या माणसाला, पूर्ण आत्मविश्वासानं. डोंगरावरून चौदा गाई गायब होतात तिथून गोष्ट सुरू होते. चोर कोण ते सांगत नाही. आठही भाग बघ, पश्चात्ताप होणार नाही. हे मी लिहिलंय म्हणून म्हणत नाही. बरं, म्हणूनही म्हणतोय.

मी डोंगरातल्या लोकांना पुस्तकी मराठी दिली आणि कार्मेलोला आमच्या वर्ध्याची. ‘चौदा गायीयले का पंख फुटले, बे?’ मॅडम म्हणाल्या, हे काय, नीट मराठी लिही. मी म्हणालो, त्याला त्या गावात परकंच वाटायला हवं ना! त्या नाही म्हणाल्या, मी कागद फेकले आणि निघालो. पुढचं त्या दारानं केलं. मॅडमनी कागद उचलून ते वाक्य मोठ्यानं वाचून बघितलं होतं. मी परत आत गेलो. रेवती, जन्मात पहिल्यांदा मी परत आत गेलो.

खरी गंमत अशी, की ती बोली मला येतच नव्हती. गाझियाबादच्या शाळेत शिकलेला मी, माझं मराठी अर्धं हिंदीच. आणि बाबा तीस वर्षं सरकारी नोकरीत. ऑफिसात हिंदी, तुमच्या घरच्यांसमोर जपून प्रमाण मराठी, वर्धा फक्त रागात बाहेर पडायचं. कॉलेज सोडल्यापासून ते माझ्याशी बोलत नव्हते. मी रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून कार्मेलोचे संवाद मुद्दाम चुकीचे वाचायचो. चौथ्या दिवशी त्यांना राहवलं नाही. ‘असं कोण बोलते बे?’ म्हणाले. आठव्या भागापर्यंत कार्मेलोचे निम्मे संवाद बाबांचे झाले होते. आता शेजारच्यांना बोलावून दाखवतात. शेवटी बारीक अक्षरांत येतं: मराठी संवाद, सिद्धांत बाबुराव रामटेके. तिथं ते चित्र थांबवतात आणि चष्मा पुसतात.

तुला आपल्या मराठी मंडळाचं नाटक आठवतं? मी नायक, तू विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टर. प्रत्येक संवाद आधी हातानं लिहून काढायला लावायचीस. ‘लिहिलंस की ओरडत नाहीस,’ म्हणायचीस. आणि गेल्या वर्षी दिल्लीत कोपर्निकस मार्गावर, तुझ्या बाबांच्या, शशिकांत काकांच्या ऑफिसबाहेर, तू म्हणालीस, ‘तुला दार आपटता येतं, लावता येत नाही. एक तरी गोष्ट शेवटाला ने, मग ये.’ मी तेव्हा तुझ्यावरही ओरडलो. ते माझं चुकलं. एवढं साधं वाक्य लिहायला मला वर्ष लागलं.

तुमचं सामान बांधून होत आलंय आणि काका निवृत्त होऊन पुढच्या आठवड्यात तुम्ही पुण्याला चाललात, हे मला कळलंय. आमच्या भिंतीवर बाबासाहेब, तुमच्या देव्हाऱ्यात गणपती, आणि माझ्याकडे पदवी नाही. काका हे सगळं काढतील, आणि पूर्वीचा मी तिसऱ्या वाक्याला उठलो असतो. म्हणून आधी लिहून काढतोय. हे पत्र तुमच्या गेटवरच्या गार्डकडे देऊन मी दहा मिनिटं खाली थांबेन, मग वर येऊन काकांशी आपल्या लग्नाचं बोलेन. तुला मी हवा असेन तर पडद्याआड उभी राहा, आणि अडलो की पहिला शब्द दे. नको असेन तर गप्प राहा. मी चहा पिऊन, नमस्कार करून परत जाईन. पण मला वाटतं तू शब्द देशील. बाबांनी इस्त्री केलेला शर्ट घातलाय, बूट चढवलेत, पत्र खिशात टाकतो आणि निघतो. दार लावून, बरं का. अगदी हळू, कडीचा आवाजही येणार नाही असं.

विंगेकडे कान लावलेला, तुझाच,
सिद्धांत