मी या भूमीवर असेपर्यंत

४ मार्च १९०९
लंडनहून तार. माझी मुदत संपली, म्हणे. माझ्या जागी कोणी क्लेमंट हॉब्सन येतोय, आणि तो येईल त्याच बोटीने मी परत निघायचं.
निघणार नाही. पार्लमेंटची जागा एका बिअरवाल्याने हिसकावली तेव्हा मुकाट बसलो, ती चूक पुन्हा नाही. या वसाहतीचा गव्हर्नर झालो तरी मी मुळात लोकांचा माणूस. इथली जनता मला सोडणारच नाही. उद्यापासून प्रचार.

५ मार्च
ऑगस्टा म्हणाली, इथे कोणाला मतच नाही, तर प्रचार कसला करताय? वीस वर्षं संसार झाला, पण बायकोला राजकारण कळलं नाही.

७ मार्च
किनाऱ्यावर पहिली सभा. दीड तास बोललो. बाळांचे मुके घेतले. बरीचशी रडली, एक चावलं.
मासळीवाल्या बायकांची पुढारीण एसी बादुवा शेवटपर्यंत बसून होती. सुक्या मासळीचा वास माझ्या झोपायच्या खोलीत यायचा, म्हणून गेल्या वर्षी मी तिचा बाजार बंगल्याखालून उठवून दलदलीपलीकडे धाडला. तरी बाईच्या मनात अढी नाही. उलट आपणहून विचारलं, "मग, जाताय कधी साहेब?" आवाजात केवढी काळजी!

११ मार्च
नाना ओत्सिवा, इथले राजे, निरोपाची भेट म्हणून बकरा घेऊन आले. मी ठणकावून सांगितलं, निरोप कसला, मी कुठेही जात नाही. नानांनी बकऱ्याची दोरी उचलली. मग बकरा परत घेऊन गेले.
भावना अनावर झाल्या असाव्यात.

१६ मार्च, संध्याकाळी
हॉब्सनची बोट आली. बंदर नसल्यामुळे लांब समुद्रात उभी आहे. ऑगस्टा सगळं सामान घेऊन तिच्यावर जाऊन बसलीसुद्धा. फितुरी घरातूनच सुरू होते.
माझा सेक्रेटरी फेनविक घाम पुसत आला. काय तर म्हणे, एका वसाहतीत दोन गव्हर्नर चालत नाहीत. जुन्याने किनारा सोडल्याशिवाय नव्याला पाय ठेवता येत नाही. म्हटलं, अरे, तोच तर माझा हुकमाचा पत्ता!
लगेच जाऊन बादुवाला समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे तुमचे पाय जमिनीवर आहेत तोवर नवा उतरत नाही?"
म्हटलं, नाही.
"आणि पाय सुटले की तुमची गव्हर्नरी खलास?"
म्हटलं, तत्क्षणी. चटकन समजलं तिला. उठली आणि थेट नावाड्यांकडे गेली. आता माझी माणसं कामाला लागली.

१७ मार्च, सकाळी
दारात ही गर्दी! ढोल, गाणी. म्हटलं नव्हतं? खाली उतरलो तर नावाड्यांनी सरळ खांद्यावर घेतलं. पहिली निवडणूक जिंकलो तेव्हासुद्धा इतक्या प्रेमाने कोणी उचललं नव्हतं. मी दोन्ही हात हलवत होतो. मागून बादुवा ओरडत होती, "खाली टेकू देऊ नका रे त्याला! टेकला की परत गव्हर्नर!"
मिरवणूक किनाऱ्यापाशी थांबेल असं वाटलं होतं. थांबली नाही.

१७ मार्च, दुपारी. बोटीवर
पँट अजून ओली. हॉब्सनने हात पुढे केला, मी केला नाही. तो म्हणाला, आधी जेवतो, मग उतरतो. म्हणजे या घटकेला त्या वसाहतीला गव्हर्नरच नाही. ना मी, ना तो. आता बघा कसा हाहाकार होतो, म्हणून दुर्बीण लावली.
बंगल्याखाली मासळीचा बाजार भरला होता. बादुवा माझ्या पायरीवर टोपली मांडून बसली होती आणि फेनविक तिच्याशी भावावरून घासाघीस करत होता.
ऑगस्टाने विचारलं, काय चाललंय तिकडे? म्हटलं, माझ्यावाचून सगळं ठप्प आहे. बघू, म्हणून तिने हात पुढे केला.
दुर्बीण दिली नाही.