सागरनगरच्या गाद्या

२ डिसेंबर
आज सागरनगरला पोचलो. मन इतकं खूश आहे की सामान सोडायच्या आधीच लिहायला बसलो. बल्लारशाहून मूलला, तिथून जीपने पळसबोडी, आणि पळसबोडीच्या घाटावरून दसरूभाऊंच्या होडीने तलाव ओलांडून इकडे. जंगलातून एक रस्ता आहे, पण वाघीण पिल्लं घेऊन फिरते म्हणून वनखात्याने तो बंद ठेवला आहे.

तलाव एवढा मोठा की सकाळच्या धुक्यात पलीकडचा काठ दिसत नाही. तीस वर्षांपूर्वी कोणा बिल्डरने इथे विदर्भातलं समुद्रकिनारचं गाव वसवलं होतं. वैनगंगेची वाळू, नारळाची झाडं, सिमेंटचा दीपस्तंभ, बाजाराची गल्ली आणि पत्ते-चक्री खेळायचा मोठा हॉल. पुढे ते बंद पडलं. आता नवीन कंपनी रंगरंगोटी करते आहे, नाताळला उद्घाटन. मॅनेजर गुणवंतराव हसत हसत म्हणाले, "समुद्र नाई तं नाई, समुद्राची हवा तं देऊ! अन् आपल्या हॉलात पैसा नाई, नुसत्या रंगीत टिकल्या. जिंकला त्याले जेवण फुकट."

माझं काम जुन्या गाद्यांचं. उसवायच्या, कापूस पिंजायचा, नवी खोळ शिवून भरायच्या. काम पसंत पडलं तर कायमची नोकरी आणि राहायला खोली. अरीबालाही चादरींच्या कामावर घेणार आहेत. लग्नाला वर्ष होत आलं, पण घरी दुकानाच्या मागे पडदा लावून आम्ही राहतो; पडद्याच्या अलीकडे अम्मी खोकते. आपली खोली, तिला कडी. अरीबाने समुद्र कधी पाहिला नाही. मी तिला सांगून ठेवलं आहे की हा अगदी तसाच आहे.

४ डिसेंबर
अब्बा जुनी गादी हातात घेण्याआधी गिऱ्हाइकाला एकच गोष्ट विचारायचे: हिच्यावर कोणी गेलं का? गेलं असेल तर तो कापूस आमच्या घरात पिंजत नाहीत. गादी परत देतात, किंवा शेतात पुरायला सांगतात. मीही गुणवंतरावांना विचारलं. ते कामगारांसमोर मोठ्याने हसले. "या गाद्यांवर कोनी नाई मेलं, जाहिद. स्टँपपेपरवर लिहून देऊ का?" त्यांनी डोळ्यात डोळे घालून सांगितलं, मला समाधान वाटलं.

कापूस चांगला लांब धाग्याचा आहे, आता असा मिळत नाही. फक्त ओल फार. दिवसभर उन्हात टाकला तरी मुठीत दाबला की थंड लागतो. तलावाशेजारी आहे म्हणून असेल.

उरलेल्या कापसातून मोठ्या नावेच्या बैठका करायच्या आहेत. ती नाव वाळूत ठेवली आहे, पांढरी-निळी रंगवलेली, बाजूला रंगीत दिवे. येणारे लोक तिच्यासमोर फोटो काढतील, असं गुणवंतराव म्हणाले.

७ डिसेंबर
पहिल्या ओळीतल्या खोल्यांच्या गाद्या काल घालून झाल्या. मी स्वतः हाताने थापून, काठ सरळ करून, तिरकं डोकं करून पाहिलं. ताटासारख्या सपाट होत्या. आज सकाळी चादरी द्यायला गेलो तर प्रत्येक गादीत खळगा. माणूस रात्रभर झोपून उठल्यावर पडतो तसा. डोक्याचा, खांद्याचा, कमरेचा.

मला राग आला. सुतार लोक झोपले असतील. स्वयंपाक करणाऱ्या रुखमाबाईंना विचारलं. त्या पळसबोडीच्या, वय झालेल्या, सगळ्यांना बाबू म्हणतात. त्या म्हणाल्या सुतार तर हॉलातच झोपतात. मग भाकरी थापत बसल्या, माझ्याकडे पाहिलं नाही.

गाद्या पुन्हा थापल्या. कुलपं लावली. किल्ल्या माझ्याजवळ.

दीपस्तंभाच्या वर गेलं तरच फोन लागतो. अरीबाशी बोललो. तिने विचारलं, अजून जिलेबीसारखा गोल होऊन झोपतोस का? गुडघे पोटाशी आणि हात डोक्याखाली, अशी माझी लहानपणापासूनची सवय. तिला हसायला कारण लागत नाही.

१० डिसेंबर
कुलपं तशीच होती. खळगे पुन्हा आहेत. आज हात घालून पाहिला. ओले आहेत. गादीचा बाकीचा भाग कोरडा, खळगाच तेवढा ओला, आणि त्यात तलावाच्या तळाचा असतो तसा बारीक काळा गाळ.

एका खोलीत दोन गाद्या आहेत. मोठीत एक लांब खळगा. लहानीत लहान.

११ डिसेंबर
रुखमाबाईंजवळ जाऊन बसलो, उठलोच नाही. शेवटी त्या बोलल्या. तेव्हा त्या तरुण होत्या, इथेच खोल्या झाडायच्या. "जमिनीवर पैसे लावून खेळलं का पोलीस यायचे, बाबू. म्हनून मालकानं नाव केली. पाण्यात मंधात नेऊन खेळवाचे. त्या सांच्याले समदे पाहुने नावेत गेले, बायका गेल्या, एक पोरगं गेलं. मी मागं चादरी घातल्या. नाव पलटली. काही सापडले, काही नाई."

मी म्हटलं, गुणवंतराव तर म्हणाले गाद्यांवर कोणी मेलं नाही.

"खरंच तं हाय. गादीवर कोनी मेलं नाई. गादीवर कोनी वापसच आलं नाई. तवापासून अंथरुन घातलेलंच होतं. तू काऊन उसवलं, बाबू? झोपून होतं ते बरं होतं."

वाळूतली नाव तीच का, हे मी विचारलं नाही. त्यांनी न विचारताच होकारार्थी मान हलवली.

अब्बांनी हाच कापूस हातात घेतला असता का? घेतला असता. त्यांचाही प्रश्न तेवढाच होता.

१३ डिसेंबर
गुणवंतरावांना सांगितलं. ते चिडले नाहीत. गादी बसली म्हणजे मऊ झाली, पाहुण्यांना तेच पाहिजे, असं म्हणाले. नावेचं माहीत होतं का, विचारलं. "जुनी गोष्ट आहे. कोन्या गावात मानसं मेली नाई? अन् तू शिकला-सवरला दिसतं, असं काय बोलून राह्यला?"

मग पाठीवर हात ठेवून म्हणाले, नोकरी पक्की. तुमच्या खोलीसाठी मोठी गादी शिव, यंदाचा नवा कापूस घे. उद्घाटनाला कामगारांच्या बायका-पोरांना बोलावलं आहे. रिकाम्या वाळूचे फोटो चांगले दिसत नाहीत.

१६ डिसेंबर
आमची गादी परवा शिवून झाली. चिमूरकडचा नवा कापूस, कोरडा, पांढरा, हाताला ऊब देणारा. दोन सकाळी पाहिली. सपाट आहे. एकही सुरकुती नाही. जुना कापूस वाईट आहे, नवा नाही, एवढंच. बाकीच्या गाद्या कंपनीच्या, मला काय करायचं? आमची खोली टोकाला आहे, कडी आहे. अरीबाला त्या ओळीकडे जाऊ देणार नाही.

१८ डिसेंबर
आमच्या गादीत खळगे आहेत. दोन.

भिंतीकडचा लहान, सरळ, पाठीवर झोपलेला. अरीबा तशी झोपते. अलीकडचा गोल. गुडघे पोटाशी. हाताची जागा डोक्याखाली.

मी अजून एकदाही त्या गादीवर झोपलो नाही.

दोन्ही ओले.

१९ डिसेंबर
गादी वाळूत ओढून रॉकेल टाकलं. जळाली नाही. धुमसली, शेवाळाचा वास सुटला, आणि पाणी निथळलं, इतकं पाणी की वाळूतून ओघळ तलावाला लागला. गुणवंतराव धावत आले, कंपनीचा माल जाळतोस म्हणून शिव्या दिल्या, गादी परत खोलीत टाकायला लावली.

दीपस्तंभावर गेलो. अरीबाला म्हटलं येऊ नको. ती आधी हसली. मग विचारलं, तिथे दुसरी कोणी आहे का? मी म्हटलं, गादीत तुझा खळगा— कसं सांगायचं ते? तिने फोन अम्मीला दिला. अम्मी म्हणाली, पोरीने पिवळी ओढणी घेतली आहे, समुद्र पाहायला तयार होऊन बसली आहे, तिला रडवू नकोस. नाताळच्या आदल्या दिवशी कंपनीची गाडी येणार आहे, मी पाठवणारच.

२१ डिसेंबर
एक उपाय सापडला. इकडे यायला होडीशिवाय मार्ग नाही, आणि होडी दसरूभाऊंची आहे. त्यांना सगळं सांगितलं. पाया पडलो. त्यांनी विडी विझवली, म्हणाले त्यांचा काका त्या नावेवर होता. "माह्या होडीत तुही बायको बसनार नाई. कोनीच बसनार नाई. मी होडी घेऊन घरी चाललो, नाताळ झाल्यावर येतो."

मला बरोबर न्या म्हटलं. पण गुणवंतराव काठावर आले होते, त्यांनी हात धरला, काम पुरं कर म्हणाले. होडी गेली. जाऊ दे. आता कोणी येऊ शकत नाही. आज पोटभर जेवलो.

२३ डिसेंबर
वाळूत आवाज झाला म्हणून बाहेर आलो. ट्रॅक्टरने मोठी नाव पाण्यात ढकलत होते. मागे नवं इंजिन लावलं आहे.

गुणवंतराव म्हणाले, "दसरू पळाला तं काय फंक्शन थांबते? उलट लोक खूश होतील, नावेतच बसून येतील." माझ्या बैठकांवर हात फिरवून शाबासकी दिली.

मी नावेपुढे आडवा झालो. दोघांनी उचलून बाजूला ठेवलं, हसत होते.

जंगलाच्या रस्त्याने निघालो. नाक्यावर वनरक्षकाने अडवलं, ओल्या मातीत पंजे दाखवले. मी पंजांवरून चालत गेलो. त्याने कॉलर धरून परत आणून सोडलं.

दसरूभाऊंना मीच घालवलं. त्यांची होडी लहान होती, पण चांगली होती—

२४ डिसेंबर, सकाळ
उठलो तर नाव गेलेली. फोन लागत नाही. अरीबाची जीप पळसबोडीच्या वाटेवर, जंगलात असेल.

गाद्या पाहिल्या. सगळ्या सपाट. ताटासारख्या. कोरड्या. एकही खळगा नाही.

उठून गेले आहेत.

आमच्या गादीतले दोन मात्र तसेच—

दुपार
दीपस्तंभावर आहे. नाव येईपर्यंत लिहितो.

नाव दिसते आहे. बँड वाजतो आहे. पिवळी ओढणी सगळ्यात पुढे. तीच.

नावेत फार माणसं. एवढी जीपमध्ये बसत नाहीत. मागच्या बैठकांवर दाटीने बसली आहेत, बँडकडे पाहत नाहीत, हलत नाहीत. एक लहान. नाव कडेपर्यंत पाण्यात बुडाली आहे, कोणाला दिसत नाही का?

ओरडलो. बँड—

शर्ट काढून हलवला. परत जा. परत जा. तिने पाहिलं. तिला वाटतं मी ये म्हणतो आहे. ओढणी हलवते आहे. बैस, अरीबा, बैस. उभी राहिली. मागचे सगळे उभे राहिले, एकदम, तिच्याच बाजूला—

खाली जातो. डायरी इथेच. मला पोहता ये