बिनसीटच्या गाडीबद्दल, तुम्हालाच

प्रिय अहो,

बत्तीस वर्षं याच नावानं हाक मारली, आता दुसरं कुठून आणू? उद्या अमरावतीहून एक जण येऊन तुमची ती गाडी घेऊन जाणार आहे, म्हणून आज लिहायला बसले. गाडी गेली की तुमच्यावर ओरडायला समोर काही उरणार नाही. तीन महिने मी तिच्यावरच ओरडते आहे. शेजारच्या गजभियेबाईंना वाटतं, माझ्या डोक्यावर परिणाम झाला.

आणखीही एक कारण आहे. तुम्ही गेलात ते माझ्यामुळे, असं मला हे तीनही महिने वाटत होतं. मी कोणालाच सांगितलं नाही, आपल्या प्रज्ञालाही नाही. ते वाटणं परवा गेलं. पण त्याच्या जागी जे येऊन बसलं आहे, त्यानं माझं डोकं उठवलं आहे.

पण सुरुवातीपासून सांगते. मला मध्येच तोडायची तुमची सवय आता चालायची नाही.

ती गाडी आली तो दिवस आठवतो? गोणपाटात गुंडाळलेली, ट्रान्सपोर्टच्या ट्रकमधून उतरलेली. तुम्ही बाजारात गेला होता. मी गोणपाट सोडलं तर आत दोन चाकं, हँडल, मध्ये सायकलीएवढं काहीतरी, आणि सीटच नाही! मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात फोन लावला आणि त्या माणसाला पंधरा मिनिटं झापलं की आमच्या गाडीची सीट तुम्ही वाटेत पाडली. तो बिचारा गोदामात दोनदा शोधून आला. तुम्ही घरी आलात, ऐकलंत, आणि पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. मग म्हणालात, हिला सीट नसतेच, ही उभ्यानं चालवायची. उभ्यानं! अठ्ठावन्नाव्या वर्षी, दोन्ही गुडघे कुरकुरत असताना.

मोबाइलवर कोण्या परदेशी पोराला मोटरसायकलनं खडकावर चढताना पाहिलंत आणि वीज खात्यातून निवृत्त झाल्या झाल्या तसली गाडी मागवलीत. बरं, खडकावर चढायचं तर चढा. तेही नाही! तुम्हाला तिच्यावरून आरामात पांदणीनं फिरायचं होतं. शेताशेतांतून, बांधांवरून, धुऱ्याधुऱ्यानं, डांबरी रस्त्याला चाक न लावता कुहीला माझ्या माहेरापर्यंत जायचं होतं. मी विचारलं, माझ्या माहेरी जाणार आणि मी कुठे बसणार? तर म्हणालात, तू स्कूटरनं मागून ये.

लग्नापासून मी तुमच्या मागच्या सीटवर बसत आले. दीक्षाभूमीला, दवाखान्यात, प्रज्ञाला मांडीवर घेऊन, गव्हाचं पोतं मध्ये ठेवून. आणि हात मोकळे झाल्यावर तुम्ही गाडी कोणती घेतलीत, तर जिच्यावर मला जागाच नाही. हे मला लागलं होतं. मी बोलले नाही, पण लागलं होतं.

महिनाभरात गुडघ्यांनी हात टेकले. मग तुम्ही महाल भागातल्या एका वेल्डरकडून जुन्या मोपेडची सीट त्या गाडीवर ठोकून घेतलीत. आता बसलात की गुडघे पार छातीशी यायचे. आणि वेग? ती गाडी हळूहळू चढण्यासाठी केलेली. सपाट पांदणीवर ती नुसती किंचाळायची आणि पुढे सरकायची नाही. एकदा डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली बाई तुमच्या पुढे निघून गेली, हे तुम्हीच मला सांगितलंत, वर मोठ्या कौतुकानं.

उद्या येणाऱ्या माणसानं मागच्या आठवड्यात गाडी पाहिली. तो खरंच दगडांवर चढतो, स्पर्धांना जातो. ती मोपेडची सीट बघून त्यानं कपाळाला हात लावला. म्हणाला, काकू, ही फिरायची गाडीच नाही. मी म्हटलं, दोन वर्षं मी वेगळं काय सांगत होते?

आणि ती टाकी! दोन लिटरची. आपल्या तेलाच्या बरणीत त्याहून जास्त मावतं. दर रविवारी सकाळी सहाला निघायचात, दहाच्या सुमारास फोन. तेच शब्द. "पेट्रोल संपलं वं. घेऊन ये ना." कुठे, तर पांदणीतल्या त्या चिंचेपाशी, कौसल्याबाईंच्या शेताजवळ. मग मी हातातलं सोडायचं, पंपावर जाऊन बाटली भरून घ्यायची, तिथल्या पोऱ्याशी बाटलीत देतो की नाही यावरून हुज्जत घालायची, आणि स्कूटर खड्ड्यांतून आदळत पाच किलोमीटर जायचं. आलेच आहे तर उपाशी कशाला ठेवा, म्हणून डबाही न्यायचा. तुम्ही चिंचेखाली गमछा अंथरून आरामात बसलेले असायचात. दोघं जेवायचो. तुम्ही कोणत्या धुऱ्यावर मोर दिसला ते सांगायचात आणि मी पुढच्या वेळी नीट पेट्रोल भरून निघा म्हणून सांगायची. पुढच्या रविवारी पुन्हा तोच फोन.

जन्मभर लोकांच्या मीटरचे आकडे घेतलेल्या माणसाला दोन लिटर किती पुरतं हे कळत नव्हतं?

आता त्या शेवटच्या रविवारी येते. विहारात वंदना होती आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला बायकांसमोर बोलायचं होतं. पांढरी साडी नेसून, कागद हातात घेऊन मी दारात उभी, आणि तुमचा फोन. मी म्हटलं, "ढकलत या. मी काही पंप नाही." आणि ठेवून दिला. पुन्हा वाजला नाही.

दीडला तुम्ही आलात. सदरा घामानं पाठीला चिकटलेला, तोंड लाल. गाडी भिंतीला टेकवलीत आणि "आलो" म्हणालात. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. माझं बोलणं कसं झालं हे तुम्ही विचारलं नाही म्हणून मला राग, आणि मी चहा दिला नाही म्हणून तुम्ही गप्प. असे आपण दोघं, वयानं वाढलेले!

गुरुवारी कूलरला नवी वाळ्याची ताटी बसवायला तुम्ही स्टुलावर चढलात आणि तिथून उतरला नाहीत.

डॉक्टरांना मी विचारलं, तीन-चार दिवस आधी कोणी जड काही ढकललं असेल तर असं होतं का? ते म्हणाले, हृदयाच्या नसा आधीपासूनच बंद होत आल्या होत्या, असं धरून बसू नका. पण त्यांना कुठे ठाऊक होतं मी काय बोलले ते? पुण्यानुमोदनाला सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही, मार्चच्या उन्हात, पाच किलोमीटर ती गाडी ढकलत येत होता. माझ्याच शब्दाखातर. जेवायला बसले की ते दिसायचं आणि घास फिरायचा.

परवा त्या माणसानं फोन करून विचारलं, गाडीबरोबर पान्यांची पिशवी असेल ना? घरभर शोधली, नाही मिळाली. मग आठवलं, त्या गाडीला काही ठेवायला जागाच नाही म्हणून तुम्ही ती कौसल्याबाईंकडे ठेवत होता. सकाळी लवकर स्कूटर काढली. नवतपा सुरू आहे, आठलाच ऊन भाजत होतं. तुम्ही गेल्यावर त्या पांदणीत मी पहिल्यांदाच गेले.

कौसल्याबाईंनी आधी मला पाणी दिलं, मग थोडं रडल्या. मग गोठ्यात जाऊन मचाणावरून पिशवी काढून आणली, आणि तिच्याबरोबर एक रिकामी प्लास्टिकची बाटली. तिला पेट्रोलचा वास.

ही कोणाची, मी विचारलं.

"भाऊचीच ना बाई. पेट्रोलची. भरून ठेवत इथं, कधी लागलं तं असावं म्हणून. गेल्या सालापासून हाय."

मी म्हटलं, मग मला फोन कशाला करायचे?

"आता ते मले काय ठाऊक? मी म्हणत होती त्यायले, भाऊ, बाटली तं हाय ना गोठ्यात, टाका अन जा. तं म्हणे, राहू द्या, बाई डबा घेऊन येऊन राहिली."

मी धुऱ्यावरच बसले. मग विचारलं, आणि त्या शेवटच्या दिवशी?

"त्या दिवशी तुम्ही नाही आल्या. तीन घंटे बसून राहिले चिंचेखाली. मंग बाटलीतलं टाकलं अन गाडीवर गेले."

म्हणजे ढकलली नाही. एक पाऊलही ढकलली नाही. तुम्ही गाडी चालवत घरी आलात, आणि मी तीन महिने तुम्हाला उन्हात ढकलायला लावत होते. कौसल्याबाईंसमोर मी आधी हसले आणि मग मला इतकं रडू आलं की त्या घाबरल्या.

पण अहो, आता मी तुमचं काय करू? पहिल्या वर्षी खरंच संपत असेल, मान्य. पुढे वर्षभर? हाताशी भरलेली बाटली असताना मला खड्ड्यांतून बोलावत होता? पंपावरच्या पोऱ्याशी भांडायला लावत होता? तोंडानं म्हणता येत नव्हतं का, की सुजाता, इथे सावली आहे, चल जेवू? एवढा कसला संकोच, तोही स्वतःच्या बायकोचा? बिनसीटची गाडी घेतली तेव्हाच मला मागे घ्यायचं नाही असं मी धरून चालले होते. तुम्ही मला दर रविवारी बोलावत होता आणि मला ते बोलावणं कळलंच नाही, कारण तुम्ही ते पेट्रोलच्या नावानं करत होता!

तुम्ही नुसतं ये म्हणाला असतात तर मी त्या रविवारीही आले असते का? खरं सांगते, कुरकुर केली असती. माझं बोलणं आहे म्हणाले असते, वंदना झाल्यावर येते म्हणाले असते. पण आले असते. पांढऱ्या साडीत, बाराच्या उन्हात, आले असते.

गाडी मी देणार आहे, ठरलं ते ठरलं. ती तिच्या कामाला लागू दे. तुमच्यावरचा राग मात्र माझ्याजवळच राहील, तो कोणाला देण्यासारखा नाही.

आणि मी तरी कोणती शहाणी? तुम्ही गेल्यापासून प्रज्ञाला हैदराबादला दर शनिवारी फोन करते. कधी इन्व्हर्टर बंद पडलं म्हणून, कधी पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळतो म्हणून, येऊन बघून जा म्हणते. ती गुणी पोर तिथूनच ओळखीपाळखीनं कोणी ना कोणी माणूस पाठवते. तो येतो, बघतो, ताई सगळं ठीक आहे म्हणतो आणि जातो.

तर तुम्हाला शब्द देते. असले फोन आता बंद. हे पत्र संपलं की तिला फोन लावीन आणि सांगीन, इन्व्हर्टर चालू आहे, टाकी गळत नाही, घरात काहीही बिघडलेलं नाही. मला एकटीला जेवण जात नाही. तू ये.

अजून रागावलेली, तुमचीच
सुजाता