लाल कोर्स, नऊ किलोमीटर

१० जानेवारी १९९५, मंगळवार
आज संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. विकीने मंजुषाच्या तळहातावर कंपास ठेवला आणि तळहात खालून धरला. उत्तर दिशा दाखवायला हात धरावा लागत नाही. सुई आपली आपण दाखवते.
विकी म्हणजे धुळ्याचा, वय सव्वीस, गलोंड्याच्या फॅक्टरीत सुपरवायझर, एनसीसीचं सर्टिफिकेट खिशात घेऊन फिरतो. मंजुषा समोरच्या क्वार्टरमधल्या सिस्टरबाईंची मुलगी. तीन वर्षं माझं तिच्यावर प्रेम आहे. अजून सांगितलेलं नाही, पण अशा गोष्टी कळतात.

११ जानेवारी
आमच्या शाळेतल्या सुधाकर सरांची ओरिएंटियरिंग स्पर्धा २९ तारखेला दुधनीला. नकाशा-कंपास घेऊन जंगलात लावलेले झेंडे क्रमाने शोधायचे, झेंड्यापाशी टांगलेल्या पंचने कार्डाला भोक पाडायचं. तीन कोर्स. पांढरा बारा वर्षांखालच्यांना, रस्त्याच्या कडेने. पिवळा नवशिक्यांना आणि पन्नाशीपुढच्यांना, पायवाटेने. लाल अनुभवी लोकांना, पाच किलोमीटर, वाट नाही.
कोर्स आखायला माणूस हवा म्हणाले. मी हात वर केला. सर म्हणाले, कॉलेजसारखं मध्येच सोडणार नाहीस ना? कॉलेज मी सोडलं नाही. प्रॅक्टिकलच्या सरांनी अपमान केला म्हणून बीकर जरा जोरात ठेवला. तो फुटला. मी निघालो. एवढंच.
संकल्प : राग बंद. विकी लाल कोर्सवर. मंजुषा पिवळ्यावर.

१५ जानेवारी, रविवार
दुधनी. दिवसभर पायपीट. पिवळा कोर्स असा आखला की मंजुषा चार वेळा माझ्या तंबूवरून जाईल. निदान दोनदा सरबत विचारता येईल.
लाल कोर्स साडेसहा केला. वाट दाखवायला गावातला बारकू होता. म्हणाला, तिकडं आमची गुरंपण जात नाहीत. मी म्हटलं, उत्तम.

१८ जानेवारी
बाजारात मंजुषाने मला हात केला. विकीच्या स्कूटरवर मागे बसून. दुसरा हात कुठे होता ते लिहीत नाही.
लाल कोर्स आठ किलोमीटर.

२० जानेवारी
सर नकाशा बघून चष्मा पुसत बसले. म्हणाले, अरे बाबा, कोर्स माणसाचं वय आणि कुवत बघून आखतात. हा कुणाचं वय बघून आखलायस? मी म्हटलं, सव्वीस. सर म्हणाले, इतक्या लांब टेकडीवर, नवव्या झेंड्यापाशी, पाणी घेऊन कुणीतरी बसवावं लागेल. म्हटलं बसवा की! माघार घेतो तो मी नव्हे. जाता जाता नऊ करून टाकले.

२८ जानेवारी, शनिवार
वापीहून नकाशांच्या झेरॉक्स आल्या. मग सरांनी कामं वाचली. नववा झेंडा, पाणी आणि फर्स्ट एड : मंजुषा. आईकडून बँडेज बांधायला शिकलीय म्हणे. स्वतःहून नाव दिलं.
मी लगेच म्हटलं, सर, पाच किलोमीटरच बरे, वय-कुवत वगैरे. सर म्हणाले, आता तोंड मीट, झेरॉक्स झाल्यात.
हरकत नाही. लाल कोर्सवर अकरा जण आहेत. एवढ्या गर्दीत विकी काय दिवे लावणार?

२९ जानेवारी
सकाळी ८.००. अकरापैकी दहा जणांनी नकाशा उघडला आणि नाव पिवळ्यात फिरवून घेतलं. सामरवरणीचे अरविंदभाऊ म्हणाले, आम्हाला पोरंबाळं आहेत रे. एकटा विकी गेला. शीळ घालत.
१०.३०. पांढरा कोर्स संपला. बालगोपाळांनी सरबत संपवलं. मंजुषासाठी झाकून ठेवलेलंही.
१२.००. विकीचा पत्ता नाही. हरवला असावा. फार बरं वाटतंय.
१.१५. मंजुषाचाही नाही. ड्यूटी सोडणाऱ्यातली नव्हेच ती.
३.४०. दोघं आले. रमतगमत. वेळेची मर्यादा तीन तास! मी विकीच्या कार्डावर लाल पेनने ‘बाद’ लिहिलं. दोनदा. तो हसून म्हणाला, लिही भो, आपल्याले काय फरक नई पडत. हरलेला माणूस असंच बोलतो.
मी जिंकलो.

१२ फेब्रुवारी, रविवार, दुपारी
मंजुषा घरी आली. एकटी! इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या खोलीत गेलो. लग्न ठरलं म्हणाली. कुणाचं, विचारलं. विचारायला नको होतं.
म्हणाली, अरे, तीन महिने विकीला बोलायचा धीर होत नव्हता. गावात सतत कुणी ना कुणी असतं. तिथे वर चिटपाखरू नव्हतं, तेव्हा कुठे तोंड उघडलं. तुझ्यामुळे झालं रे सगळं. तिचे डोळे भरून आले. माझे नाही. मला धुळीचा त्रास आहे, तो वेगळा.
पुढच्या रविवारी साखरपुडा. धुळ्याची मंडळी इकडे पहिल्यांदाच येणार, क्वार्टर शोधताना चुकतील, तेव्हा एक नकाशा काढून दे, तुझ्यासारखा कुणाला जमत नाही, म्हणाली.
आत आलो. आधी सगळ्यांना दुधनीमार्गे पाठवणार होतो. पेन्सिलने तसं काढलंही. मग तिने बाहेरून ओरडून सांगितलं, बरोबर दोन म्हाताऱ्या आहेत हं, एकीचे गुडघे पार गेलेत. खोडलं. स्टँडवरून सरळ रस्ता काढला, चढ टाळून. दोन मिनिटांचं काम.
तेव्हापासून हे लिहीत बसलोय. मी अजून नकाशाच काढतोय असं तिला वाटतंय. आई तिला दुसरा लाडू घे म्हणतेय, आणि ती घेतेय.
नकाशा तिच्या हातात देतो, चपला घालतो, बाहेर पडतो. दार हळूच ओढून घेतो.