सोडलेली पगारवाढ

ता. ४ जून

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद आणि एक गुद्दा.

एकाच इमारतीत असून पत्र लिहितेय, हसू नकोस. तू इथला संचालक; तुझ्या केबिनचा जिना चढताना मला कोणी पाहिलं, तर आमच्या गायकवृंदातले म्हणतील, बहीण वशिला लावायला गेली.

पेपरात तुझ्या पगारवाढीची बातमी आल्यापासून तालमीत माझ्याशेजारी कोणी बसत नाही. आमचं मानधन वर्षानुवर्षं जिथल्या तिथे, आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थेत तुला मात्र गलेलठ्ठ वाढ! तू राबतोस, हे मला ठाऊक आहे. तरी जीव थाऱ्यावर नाही. वाढ सोड. माझ्यासाठी सोड.

जेवण वेळेवर घे. रागावले तरी तुझीच,
ताई

ता. ९ जून

ती. ताईस शि. सा. न.

गुद्दा पोचला. वाढ सोडली. विश्वस्त चाटच पडले. अध्यक्षांनी बजावलं, की अशाने पुढे लायक संचालक मिळायचा नाही. हे कोणाच्या सांगण्यावरून, असंही विचारलं. मी तुझं नाव काढलं नाही. अनुदान कचेरीला तर मोठ्या तोऱ्यात कळवून टाकलं. बायको म्हणते, घरात विचारायची पद्धत असते. तिचंही खरंच आहे.

आता तरी माया पातळ करू नकोस.
तुझा धाकटा

ता. २ जुलै

ती. ताईस नमस्कार.

बातमी वाईट आहे. कचेरीतले साहेब म्हणाले, मुख्य माणूसच कमीत भागवतो, म्हणजे संस्थेचंही भागेल. अनुदान कापलं, माझ्या वाढीच्या कितीतरी पट. विश्वस्तांनी त्याच बैठकीत गायकवृंद बंद करायचं ठरवलं. मी खूप भांडलो, पण एकटा पडलो. उद्या नोटीस लागेल. तुला आधी कळावं, म्हणून हे पत्र.

हवं तेवढं रागव, बोलणं टाकू नकोस.
धाकटा

ता. ४ जुलै

चि. धाकट्यास आशीर्वाद.

नोटीस वाचून काही जणी रडल्या, बाकीच्यांनी तुला शिव्या घातल्या. पगारवाढ सोडल्याचं नाटक करून आमचा गळा कापला, म्हणाले. मला मात्र सगळ्यांनी जवळ घेतलं. सख्ख्या बहिणीचीही त्याने गय केली नाही, म्हणून हळहळले.

वाढ सोडायला मीच लावलं, हे सांगायला तोंड उघडलं, पण कोणीतरी चहाचा कप पुढे केला, आणि मी तो घेतला. कित्येक दिवसांनी माझ्याशी कोणी नीट बोलत होतं रे.

सांगेन मी. एवढ्यात नाही. तोवर तूही कोणाला बोलू नकोस.

तुझी,
ताई